दुसरी खुर्ची

मनवा, जवळ ये बघू. तू शहराच्या त्या टोकाला गच्चीबावलीत आणि मी इकडे बरकतपुऱ्यात, म्हणून म्हणते, हा कागद तरी डोळ्यांजवळ धर आणि तो फोन पालथा घाल. मराठी वाचायला तुला वेळ लागतो, लागू दे. ओळीवर बोट ठेवून वाच. काल तू हसत हसत सांगितलंस, "आजी, बुधवारी एचआरने बोलावलंय, पाच मिनिटांचं काम आहे, नॉर्मल आहे." नॉर्मल असतं तर एकटीलाच का बोलावलं? आणि ऑफिसात माणसं कमी करताहेत असं तूच गेल्या आठवड्यात सांगितलंस ना? मग ती एचआरची बाई आत्ताच तुला 'डिअर' का म्हणाली? एवढी शिकलेली पोर तू, आणि गोड बोलणाऱ्या माणसाची तुला जराही शंका येत नाही. आमच्या कॅनडामावशी असत्या तर त्यांनी तुला समोर बसवून चांगलं सुनावलं असतं. त्या नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल मी लिहिते. असं माणूस ज्यांच्या बिल्डिंगीत होतं त्यांनीही वाचावं, ओळख पटेल.

कॅनडामावशी कुठेही एकट्या आत जात नसत आणि दुसऱ्या कुणाला जाऊ देत नसत. आत म्हणजे, टेबलामागे कुणी साहेब बसलेला असेल त्या खोलीत. बँकेच्या मॅनेजरची केबिन म्हणा, मुख्याध्यापकांचं ऑफिस म्हणा, कुणाला बोलावणं आलं की मावशी चपला घालून तयार. आत गेल्यावर स्वतःच दुसरी खुर्ची ओढायच्या, पर्स मांडीवर घ्यायच्या आणि गप्प बसायच्या. "आपण कोण?" असं साहेबांनी विचारलं की म्हणायच्या, "मी? मी नुसती बसलेय."

खरं सांगते, मला त्यांचा भारी संशय यायचा. आमच्या बिल्डिंगीत तळमजल्यावर राहायला आल्या तेव्हा त्यांचे यजमान नुकतेच गेले होते. माहेर काचीगुड्याचं, म्हणून परत आले, असं सांगायच्या. पण कॅनडा सोडून काचीगुड्याच्या आठवणीने कुणी परत येतं का? आमचा वॉचमन यादगिरी म्हणायचा, "अम्मा, उनको उधर से निकाल दिए बोलते." मला वाटायचं, ही बाई लोकांच्या कामात जाते ती कमिशन खात असणार. मी गॅलरीतून पाळत ठेवायची. कुणाबरोबर गेल्या, किती वेळाने आल्या, हातात काही आहे का. हातात काही नसायचं, त्यामुळे संशय आणखी वाढायचा.

आणि त्या माझ्यापेक्षा संशयी. एका दसऱ्याला बिल्डरच्या माणसाने घरोघर मिठाईचे डबे आणले. मावशींनी दारातच विचारलं, "कशाबद्दल?"

"सणाचे हो, मावशी. आपण सगळे एक फॅमिली."

"गेल्या सणाला नव्हतो वाटतं?"

त्यांनी डबा परत पाठवला. आम्ही सगळ्यांनी खाल्ला. आठ दिवसांत तोच माणूस गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसवायला सह्या मागत फिरू लागला, आणि तोंडात काजूकतली विरघळलेली माणसं नाही कशी म्हणणार? त्या दिवशी मावशी जिन्यात मला म्हणाल्या, "शकू, मालक 'आपण एक कुटुंब' म्हणाला की समजावं, कुटुंबातलं कुणीतरी कमी करायचं ठरलंय."

दुपारी चिंचेचा कोवळा पाला निवडत त्या मला तिकडच्या गोष्टी सांगायच्या. बायका पोथी ऐकतात तशी मी ऐकायची, अर्ध्यावर विश्वास न ठेवता. ब्रिटिश कोलंबिया नावाचा तिथला प्रांत, समुद्राकाठचा. यजमान लाकूड कापायच्या गिरणीत आणि मावशी हॉस्पिटलच्या लाँड्रीत. तिथे पूर्वीपासून कोळशाच्या खाणी, लाकडाच्या गिरण्या, मासे डब्यात भरायचे कारखाने. मालकांची युक्ती एकच. चिनी, जपानी, पंजाबी, गोरे, सगळ्यांना वेगवेगळं ठेवायचं, आपल्यासारख्यांना मजुरी कमी द्यायची आणि एकाने संप केला की दुसऱ्याला आत घ्यायचं. आणि गोऱ्यांच्या युनियनही काही कमी नव्हत्या. आपल्या लोकांना दारात उभं करत नसत. पुष्कळ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं की शेजारचा माणूस स्वस्तात राबतोय तोवर आपलीही भाकरी पक्की नाही. मग दार उघडलं.

"म्हणून शकू, युनियनवरसुद्धा डोळा ठेवायचा," त्या म्हणायच्या. "माझीच होती. तरी ठेवायची मी."

दुसऱ्या खुर्चीचं मूळही मला त्या पाल्याच्या टोपलीशीच कळलं. लाँड्रीत चादरी दाबायच्या तापलेल्या मशिनखाली त्यांचा उजवा हात भाजला. मनगटापासून बोटांपर्यंतची ती चकचकीत कातडी आम्ही सगळ्यांनी पाहिली होती, विचारलं कुणीच नव्हतं. मॅनेजरने त्यांना एकटीला बोलावलं, कॉफी दिली, घरच्यांची चौकशी केली. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, नुसती सही करा, म्हणजे सुट्टी मिळेल. मावशींनी डाव्या हाताने सही केली. आपल्याच निष्काळजीपणाने भाजलं, अशी ती कबुली होती. दुसऱ्या दिवशी बलबीर नावाची पंजाबी बाई घरी आली. लाँड्रीतल्या कामगारांनी आपल्यातूनच निवडलेली युनियनची प्रतिनिधी. ती रागावली नाही, एवढंच विचारलं, "अकेली क्यों गई?" साहेबाने बोलावलं तर प्रतिनिधीला बरोबर न्यायचा हक्क तिथल्या युनियनने भांडून मिळवला होता, आणि मावशींना तो ठाऊकच नव्हता. बलबीरने ते प्रकरण पुन्हा उघडायला लावलं. आत गेल्यावर तिने खुर्ची ओढली आणि मावशींच्या शेजारी बसली. पुढे मावशी स्वतः प्रतिनिधी झाल्या, निवृत्त होईपर्यंत.

मी म्हटलं, गोष्ट छान आहे, पण इथे कुठली आली युनियन? आणि मग माझीच पाळी आली. मी जामबागजवळच्या एका शाळेत शिवण शिकवायची. माझं शिक्षण चौथीपर्यंत, बाकी सगळं वाचून वाचून आणि कापून कापून शिकलेली. एक दिवस सेक्रेटरींनी निरोप धाडला, जरा येऊन जा. मी कुणाला बोलले नाही, तरी निघाले तर मावशी फाटकाशी उभ्या.

सेक्रेटरी म्हणाले, "शकुंतलाबाई, तुमची पाठ फार दुखते असं ऐकलं." माझी पाठ दुखत नव्हती. "मुलींसमोर तुम्हीच सांगा, तब्येतीमुळे थांबते म्हणून. तसं शोभेल." बोलता बोलता त्यांची नजर सारखी मावशींकडे जायची. शेवटी म्हणाले, "या बाहेर बसल्या तर बरं."

मावशी म्हणाल्या, "नक्को. इथे पंखा चांगला आहे."

का कोण जाणे, त्यांच्याकडे बघून माझ्या तोंडून निघालं, "सर, माझी पाठ बरी आहे. शिवणाची खोली कशासाठी हवीय?" ते गडबडले. कॉम्प्युटरसाठी म्हणाले, मग अजून काही ठरलं नाही म्हणाले, मग पाठीला जपा म्हणाले. माझी शिवणाची खोली राहिली. मीही राहिले, पाठ खरोखर दुखायला लागेपर्यंत.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तुम्ही तर काहीच बोलला नाहीत."

"नोकरी तुझी. बोलायचं तुला होतं. ऐकायला तिसरं माणूस असलं की टेबलामागचा जपून बोलतो आणि पुढचा जरा ताठ बसतो."

मी बेसनाचे लाडू करून नेले. मावशींनी डबा हातात घेतला आणि विचारलं, "कशाबद्दल?"

तरी माझ्या मनातली अढी गेली नव्हती. माणूस उगीच कुणासाठी बसत नाही, आज ना उद्या ही बाई काहीतरी मागणार, असं वाटायचंच. वर्षं गेली. आणि खरोखर एक दिवस त्या आमच्या दारात आल्या. आत येईनात. म्हणाल्या, "शकू, एक मागायचं होतं." माझ्या मनात आलं, बघ, आलं की नाही.

"तारनाक्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट घेऊन बोलावलंय. येशील? नुसतं बसायचं."

डॉक्टर तरुण होते. मला विचारलं, "नातेवाईक?" मी नाही म्हटलं. "मग जरा बाहेर थांबता?" माझे पाय उठायला लागलेच होते. डॉक्टर, साहेब, मास्तर, कुणी उठ म्हटलं की आमच्या पिढीचे पाय आपोआप उठतात. तेवढ्यात मावशींचा तो चकचकीत हात माझ्या मनगटावर आला. मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हटलं, "मी नुसती बसलेय."

डॉक्टर मग पथ्य सांगू लागले, फळं खा म्हणाले, तुमची तब्येत वयाच्या मानाने छान आहे म्हणाले. मावशींनी थोडं ऐकलं आणि विचारलं, "डॉक्टर, तुम्ही इतकं गोड का बोलताय?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मग सरळ सांगितलं. मावशींनी मान हलवली. म्हणाल्या, "आता बरं वाटलं." माझं मनगट त्यांनी रिक्षात बसेपर्यंत सोडलं नाही. त्यानंतर पावसाळा त्यांनी काढला, दिवाळी नाही. शेवटी हॉस्पिटलात त्यांच्या पलंगाशी जी खुर्ची होती, तीत मी होते. इतकी वर्षं ज्या मागण्याची मी वाट पाहत होते, ते एवढंच होतं.

तर मनवा, बुधवारी मला काही तुमच्या काचेच्या इमारतीत सोडणार नाहीत. पण तुझ्या शेजारच्या टेबलावर ती स्रवंती बसते ना, तिला विचार. आत येशील का, नुसतं बसायचं, म्हणावं. बाहेर थांब म्हणाले तर तिने पंख्याचं काहीतरी सांगावं. उद्या तिला बोलावलं की तू बस. आणि तिथे गोड बोलून सही मागितली तर हात आवर, घरी नेऊन वाचते म्हण.

त्याआधी मंगळवारी जेवायला ये. चिंचेचा कोवळा पाला आलाय बाजारात, डाळ करते. स्रवंतीलाही घेऊन ये, तिला आवडेल. मी दोन खुर्च्या मांडून ठेवते. लवकर ये, आणि एकटी येऊ नकोस.