आढ्याजवळची बाराखडी

दामूपंतोजी गेले, त्याला महिना होऊन गेला. अकोल्याहून त्यांचा जुना विद्यार्थी शंकर आगगाडीने बडनेऱ्याला उतरला आणि तिथून बैलांच्या धमणीत बसून थेट अमरावतीला, माझ्या शाळेच्या दारात आला. मी फळ्यापाशी होतो. "गुरुजी, आपले पंतोजी गेले. काल सकाळी, पाठ घेता घेता," तो म्हणाला. "कोनाले शिकवत होते?" मी विचारले. "नातीले." मी शाळा सोडली नाही. त्यांच्या मरणाचे निमित्त करून पोरांना सुट्टी दिली असती, तर ते सरणावरून उठून मला रागावले असते.

पुढे अमरावतीत त्यांच्यासाठी शोकसभा भरली. कापसाच्या तेजीतले दलाल आणि आता शहरातले बडे गृहस्थ असलेले रंगरावजी बोलायला उभे राहिले. म्हणाले, "पंतोजी मोठे दिलदार. तेजीच्या दिवसांत त्यांनी शाळासुद्धा कापसाले भाड्यानं देऊन टाकली होती." लोक हसले. मी उठून घरी आलो. या आरोपाला वीस वर्षांपूर्वीच उत्तर द्यायला हवे होते, ते आज देतो आहे.

मी भातकुलीच्या शेतकऱ्याचा मुलगा. पंतोजींपाशी शिकलो आणि एकोणिसाव्या वर्षी त्यांच्याच हाताखाली मदतनीस म्हणून लागलो. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली होती, तिथला कापूस विलायतेला जाईना आणि इकडे आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. अमरावतीत ज्याला छप्पर म्हणावे ते रुईने भरलेले. देवळाच्या ओवरीत रुई, धर्मशाळेत रुई. रिकामी होती फक्त आमची शाळा, एक लांबट खोली आणि उंच आढे. रंगरावजींचा तिच्यावर केव्हापासून डोळा होता आणि पंतोजींनी त्यांना दोनदा दारातूनच परत पाठवले होते. शाळेची किल्ली पंतोजी जानव्याला बांधून ठेवत. एकदा शाळाखात्याच्या साहेबाच्या बोलावण्यावरून अकोल्याला जाताना मात्र त्यांनी ती माझ्या हातात दिली.

दुसऱ्याच दिवशी दुपारी आभाळ भरून आले. रंगरावजींच्या गाड्या शाळेसमोर उघड्यावर उभ्या. "मास्तर, माल भिजून राहिला. दोन दिसांचा तं सवाल हाये," ते म्हणाले. आता वऱ्हाडी माणसाला विचारा, पडत्या पाण्यात कापूस उघड्यावर बघवतो का? वैऱ्याचा असला तरी आपण त्याला छप्पर देतो. माझ्या बापाने दिले असते, मीही दिले. कुलूप काढले... पाऊस चार शिंतोडे पडून गेला. गाठी मात्र गेल्या नाहीत. चौथ्या दिवशी पंतोजी परतले, तेव्हा खोली पुरुषभर उंच भरली होती आणि पोरे बाहेर धुळीत गोट्या खेळत होती.

मी रडकुंडीला आलो होतो. त्यांनी सगळे ऐकून घेतले. "कापूस भिजू देला नाही, हे बराबर केलं," ते म्हणाले. "पन शाळा काहून बंद ठेवली?" मग धोतराचा काचा मारून ते गाठींवर चढले. वरून हात देऊन एकेका पोराला ओढून घेतले. गाठींवर पोरे ओळीने बसली, डोकी वाशांना लागायची. फळा वर चढेना, म्हणून त्यांनी कोळशाने आढ्याजवळच्या चुन्याच्या भिंतीवर बाराखडी लिहिली. सबंध महिना शाळा अशी अधांतरी भरली. तंतू नाकात जाऊन पोरे शिंकायची आणि शिंकत शिंकत पाढे म्हणायची.

खरी गंमत पुढेच झाली. भाव चढला आणि रंगरावजींना माल एकदम हलवायचा होता. हमाल आले, तर वर पाढे चाललेले. "पोरं उतरवा," रंगरावजी खालून ओरडले. पंतोजी वरून शांतपणे म्हणाले, "एकोनतिसाचा पाढा चालू हाये. तिसाचा झाला का उतरतो." हमालही पंतोजींच्या बाजूचे, ते खुशाल बिड्या फुंकत बाहेर बसले. मग पंतोजींना वाटले, पोरांचे पाढे कच्चेच आहेत, पुन्हा दोनपासून घ्यावे. माल सुटायला संध्याकाळ झाली आणि त्या दिवसाचा बाजार हुकला.

त्याचा सूड रंगरावजींनी घेतला. पंतोजींनी शाळा कापसाला भाड्याने दिली, अशी तक्रार त्यांनीच वर केली. चौकशीला दुसराच साहेब आला. "किल्ली कुणाकडे होती?" पंतोजींनी जानवे बाहेर काढून दाखवले. "माझ्याकडेच असते साहेब. विचारा कोणालाही." मी तिथेच उभा होतो. माझे तोंड उघडले नाही. भ्यालो मी. त्यांची बदली अकोल्याला झाली, दर्जा उतरवून. निघताना किल्ली माझ्या हातावर ठेवून ते एवढेच म्हणाले, "तू शेतकऱ्याचं पोरगं, तुले कापूस भिजताना पाहवला नाही. यात लाज कायची?" पुढे मी दर दिवाळीला अकोल्याला गेलो. दर वेळी म्हणालो, आता सगळ्यांना सांगतो. दर वेळी त्यांनी विषय मोडला आणि मला नवा धडा कसा शिकवायचा ते सांगत बसले.

तेव्हा ऐका. शाळा पंतोजींनी दिली नाही. भाड्याने नाही, फुकटही नाही. दार मी उघडले होते. रंगरावजींना हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे, कुलूप मी त्यांच्यासमोरच काढले.

आता त्यांनी शाळेची भिंत नव्याने चुन्याने रंगवून द्यायचे कबूल केले आहे. दारावर त्यांच्या नावाची पाटी लागायची आहे. आढ्याजवळची बाराखडी अजून तिथेच आहे, 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत, माणसाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर. नवी पोरे विचारतात, गुरुजी, एवढ्या वर कोण बसत होतं? मी त्यांना सांगतो. आता तुम्हालाही सांगितले.

मी जानवे घालत नाही, किल्ली माझ्या करगोट्याला असते. उद्या आभाळ भरून आले आणि कुणाचा कापूस रस्त्यावर भिजत असला, तर दार उघडून देईन, अगदी रंगरावजींचा असला तरी. पण चुन्याची बादली घेऊन कुणी आले, तर किल्ली मिळणार नाही. आणि साहेबाने विचारलेच, किल्ली कुणाकडे आहे, तर या खेपेला मी बोलेन.