ज्ञानदाची पट्टी

फोनवर ज्ञानदा 'हॅलो' म्हणाली की मी आधी तिचा आवाज तपासते. जेवलीस का, झोपलीस का, हे नंतर. एक दिवस या पोरीचा घसा कायमचा बसेल, ही धास्ती तीन वर्षं माझी पाठ सोडत नाही. कारण त्यात माझाही हात आहे.

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत सांगलीची ही माझी लेक सहावी आली. तिची स्वतःची पट्टी पेटीवरची काळी चार. तिथले संयोजक म्हणाले, "काळी पाच करू या? टीव्हीवर चढा आवाज उठून दिसतो." ज्ञानदाने माझ्याकडे पाहिलं. मीच म्हटलं, "करा की, जमेल तिला."

जमलं. परीक्षक उभे राहिले, सांगलीत आमच्या विश्रामबागेत तिचे फलक लागले. पण तेव्हापासून सगळ्यांना तोच वरचा सूर हवा असतो. शिरवळला कारखान्याचा वर्धापनदिन असो, म्हसवडची यात्रा असो की दुबईतलं मराठी मंडळ, "ताई, ते टीव्हीवालं होऊन जाऊ द्या!"

ती मजेत आहे. पुण्यात दोन मैत्रिणींबरोबर राहते, कार्यक्रमाच्या साड्यांना स्वतः इस्त्री करते, गाडीत बसली की पाच मिनिटांत घोरते. म्हणते, "सहावी आले तेच बरं गं आई. पहिली आली तिला बिचारीला अजून पहिलंच राहावं लागतं."

गेल्या रविवारी आम्ही मिरजेला तिचा तंबोरा आणायला गेलो. तारा बदलायला दिला होता. तिथले तंबोऱ्यांचे कारागीर आकाराममामा, त्यांनीच तो ती सतरा वर्षांची असताना, तिचा आवाज ऐकून बनवलेला. मी सहज विचारलं, "मामा, हा काळी पाचला लागेल का हो?"

"लावा की! तार तुटंल, दुसरं काय. आवं वहिनी, पोरीच्या मापाचा केलाय त्यो. दुसऱ्याच्या चपला घालून लग्नाला ऱ्हातंय व्हय कुनी उभं?"

"मामा, आई राहील," ज्ञानदा म्हणाली. "आणि वरून सांगेल, अगदी मापाच्या आहेत म्हणून!"

मग तिथेच भोपळ्यांच्या गर्दीत बसून ती काळी चारमध्ये गायली. एरवी कार्यक्रमात गाताना तिच्या मानेवर शीर ताठते, ती त्या दिवशी दिसलीच नाही. मामांनी हातातलं काम खाली ठेवलं होतं.

आता तिचं पहिलं स्वतःचं गाणं ध्वनिमुद्रित होणार आहे. पट्टी कोणती, ते उद्या सकाळी संगीतकारांना कळवायचंय. आज संध्याकाळी फोनवर तिने मला विचारलं, आणि सवयीने मी बोलून गेले, "तुझं तू बघ, पण लोकांना वरचंच आवडतं." ती म्हणाली, "बरं."

ते 'बरं' काही कानातून जात नाही.

सकाळी सहाला ती रियाजाला बसते. त्याआधी मीच फोन करणार आहे. काळी चार कळव म्हणून. आणि थंडी आहे, गळ्याभोवती काहीतरी गुंडाळून बस म्हणून. हसेल. हसू दे.