मावशींचं विचारणं

पक्षाघाताने अण्णांची, माझ्या वडिलांची, वाचा गेली. त्यांच्यासाठी आम्ही चोवीस तास घरी राहणाऱ्या मावशी ठेवल्या. पगार ठरला, कामं ठरली.

काल सकाळी पाहिलं, तर मावशी ओला टॉवेल घेऊन पलंगाशी नुसत्या उभ्या होत्या.

"अण्णा, कुशीवर वळवू का?" असं विचारून त्या थांबल्या. बऱ्याच वेळाने अण्णांनी पापण्या मिटून होकार दिला. मगच मावशींनी हात लावला.

"रोज विचारता?" मी म्हटलं.

"अंग त्यांचं आहे ना, ताई."

मी त्यांची मुलगी. मावशी येण्याआधी महिनाभर मीच त्यांना उचललं, पुसलं, भरवलं. विचारलं मात्र कधीच नाही. हे विचारण्याचं काम मावशींना कुणी नेमून दिलं होतं?

त्या पाठ पुसत होत्या. अण्णांच्या चेहऱ्यावर घरातल्या कर्त्या माणसाचा रुबाब परत आला होता.