ठळक आकडा

रक्ताच्या रिपोर्टात धोक्याचा आकडा ठळक छापतात. डायलिसिस चालू असलेल्या माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या उशाशी बसून मी तो पाहिला. शरीरातली सूज सांगणारा सीआरपी बराच चढला होता. हा आकडा अशा रुग्णांना फार दिवस देत नाही, हे माझ्या विद्वत्तेला ठाऊक होतं.

"काय म्हणतो रिपोर्ट, पंडित?" दादानं विचारलं.

"ठीक आहे," म्हणत मी कागदाची घडी घातली.

त्यानं शेजारच्या रिकाम्या बेडकडे पाहिलं. "सावंतांची सूनही असंच सांगायची. मग तिला अवघडायला नको म्हणून सावंत झोपेचं सोंग घ्यायचे."

एवढं बोलून त्यानं डोळे मिटले.

मशीन त्याचं रक्त धूत होतं. इतकी पुस्तकं वाचून मला एक खरं वाक्य जमलं नव्हतं. तो जागा आहे, हे मला कळत होतं. तरी मी हाक मारली नाही.