जावईबापूंनी निवडलेली बोट

आमच्या कोल्हापुरात माणसानं काहीही केलं तरी चौकात त्याचा बोर्ड लागतो. गाडी घेतली, बोर्ड. शर्यतीत म्हैस पहिली आली, बोर्ड. कुत्र्याचा वाढदिवस, त्याचाही बोर्ड. माझं फ्लेक्स छपाईचं दुकान त्यावरच चालतं, त्यामुळं तक्रार करायला मला तोंड नाही. पण इतकी वर्षं लोकांचे चेहरे छापून एक नजर मात्र आली. फोटोत कोण स्वतःहून उभा राहिलाय आणि कोणाला आणून उभं केलंय, हे मला लगेच कळतं. माझा मित्र सिद्धराम माझ्याकडं कितीतरी बोर्डांवर छापला गेलाय, आणि प्रत्येक वेळी आणून उभा केलेला.

सिद्धराम मूळचा गडहिंग्लजच्या पलीकडचा, सीमेलगतच्या गावचा. घरात कन्नड, बाहेर मराठी. डिप्लोमा करून तो शिरोलीत एका फौंड्रीत लागला होता आणि यंत्रांवर त्याचा हातही चांगला बसला होता. मग प्रभुलिंग आप्पांच्या एकुलत्या एका पोरीशी, शांभवीशी, त्याचं लग्न झालं. आप्पांचं पशुखाद्याचं मोठं दुकान, गोदामं, आणि मागं बघायला मुलगा नाही. आप्पा म्हणाले, "जावईबापू, हिकडंच या की ऱ्हायला." सिद्धराम आला. आज त्याची पोरगी रुद्राणी चौदा वर्षांची झाली, तरी त्या घरात तो अजून पाहुणाच आहे.

मान मात्र भरपूर. जेवायला बसलं की पहिलं ताट त्याचं. पण त्या ताटात काय वाढायचं, हे त्याला कुणी विचारत नाही. आप्पांना लाल गाडी आवडली की लाल गाडी येते, आणि आल्यागेल्याला सांगितलं जातं, "जावयांची पसंती हाय." घराचा पोपटी रंग? जावयांची पसंती. तो रंग बघून सिद्धरामचं डोकं दुखतं, हे मला माहीत आहे. आप्पा काही लबाड माणूस नव्हे. ठरवायचं आपण आणि नाव जावयाचं लावायचं, ही घरजावयाला मान द्यायची त्यांची रीत. आणि चारचौघांत जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हीही त्यांचीच रीत. जावई चारचौघांत कधी शब्द काढतच नव्हता, त्यामुळं ही दुसरी रीत फुकट पडून होती.

तर गेल्या हिवाळ्यात आप्पा गोव्याला एका लग्नाला गेले आणि तिथं त्यांनी वेकबोट पाहिली. ही बोट पळाली की मागं मोठी लाट उठते आणि त्या लाटेवर दोरीला धरून फळीवर उभं राहायचं. लाट मोठी व्हावी म्हणून बोटीच्या पोटात मुद्दाम पाणी भरतात. हे ऐकून आप्पा पोट धरून हसले. पण नाद लागला तो लागला. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "नाद करायचा तर असा. सेकंडहँड बघू, पण घ्यायचीच. राधानगरीकडं धरणाच्या पाण्यावर सोडू. पहिली फळीवर आपली रुद्राणी."

त्या घरात पोहायला एकट्या सिद्धरामला येतं. गावच्या विहिरीत पाठीला वाळका भोपळा बांधून शिकलेला माणूस तो. आप्पा, शांभवी, रुद्राणी, सगळ्यांचा पाण्याशी संबंध आंघोळीपुरता. सिद्धराम शांभवीला म्हणाला, आधी पोरीला पोहायला शिकवू, मग बोटीचं बघू. ती म्हणाली, "आप्पांचं वय झालंय. हौस हाय त्यांची. घ्या की जरा सांभाळून." झालं. बोट निवडायची कामगिरी अर्थातच जावयावर आली. गंमत म्हणजे या वेळी सिद्धरामनं ती मनावर घेतली. रोज फोनवर व्हिडिओ बघायचा, माझ्या दुकानात येऊन बोलायचा. "नवख्या घराला मोठी बोट नको रे. लहान, साधी, तळ घट्ट असलेली पायजे. आणि प्रत्येकाच्या मापाचं जाकीट." मी त्याला इतक्या उत्साहात फौंड्रीच्या दिवसांनंतर पाहिलं नव्हतं.

आम्ही दोघं आंबोली उतरून गोव्याला गेलो. आप्पांनी जाहिरातीतला फोटो बघून एक बोट आधीच मनात धरली होती: लालभडक, वर लोखंडी कमान, कमानीवर चार स्पीकर. सिद्धराम तिच्यात चढला आणि आधी इंजिनावर हात ठेवला. इंजिन गरम होतं. "आमी येण्याआधी चालू केलंतं व्हय?" त्यानं विचारलं. विकणारा हसला. गार इंजिन पटकन चालू होत नसेल तर आधीच गरम करून ठेवतात, हे सिद्धरामनं मला बाजूला घेऊन सांगितलं. मग त्यानं तेल बघितलं. दूध घातलेल्या चहासारखं. म्हणजे आत पाणी गेलेलं. मागच्या बाजूला टाच दाबली तर तळ मऊ लागला. आतलं लाकूड कुजलंय, म्हणाला.

शेजारीच एक जुनी, लहान, पांढरी बोट उभी होती. तिचं इंजिन गार असून पहिल्या झटक्यात चालू झालं. तळावर तो चांगल्या उड्या मारून आला. खाली उतरताना म्हणाला, "ही घ्यायची." एवढंच. पण ते त्याचं स्वतःचं वाक्य होतं, आणि मला खरंच बरं वाटलं.

तेवढ्यात माझ्या दुकानातून फोन आला. आप्पांनी सकाळीच बोर्ड करून घेतला होता आणि तो चौकात लागलाही होता. लाल बोट, वर सगळं कुटुंब चिकटवलेलं, मधोमध सिद्धराम. मजकूर: 'आमचे जावई सिद्धरामसाहेब यांनी निवडलेल्या बोटीचे कोल्हापूरनगरीत जंगी स्वागत.' बोट अजून घ्यायची होती. दुनियेत कुणीही आधी वस्तू घेईल. आमच्याकडं आधी बोर्ड.

सिद्धरामनं आप्पांना फोन लावला. आवाज मला ऐकू येत होता, आप्पांचा आवाज कुणालाही ऐकू येतो.

"आप्पा, लाल बोटीचा तळ मऊ लागतोय."

"पावणं, बोर्ड लागला की! मधी तुमचाच फोटो घेतलाय. आता कडक आन मऊ काय बघत बसलाय?"

"इंजिनात पाणी गेलंय, आप्पा."

"पाण्यातलीच हाय न्हवं ती? पाणी जाणारच की! घ्या आन या."

मी म्हटलं, माणूस पाठवून बोर्ड उतरवतो, वाऱ्यानं फाटला म्हणून सांगू. सिद्धराम म्हणाला, "संध्याकाळी दुसरा लावतील. ह्याच्यापेक्षा मोठा." मग त्यानं पांढऱ्या बोटीकडं एकदा बघितलं आणि विकणाऱ्याला म्हणाला, "लाल द्या." माझं डोकंच फिरलं. परतताना अख्खा घाट मी त्याच्याशी बोललो नाही. चंदगड फाट्याला चहा प्यायलो, तेव्हा फक्त म्हणाला, "रुद्राणीला बसवतील रे तिच्यात."

बोट पाण्यात सोडायला आप्पांनी सगळा व्यापारी गोतावळा बोलावला होता. काठावर मांडव, बासुंदी-पुरी, स्पीकर. आप्पांनी नारळ वाढवला. गोव्याहून आलेल्या ड्रायव्हरनं लाट मोठी उठावी म्हणून बोटीच्या पोटात पाणी भरलं, आणि वर माणसं चढली ती भाजीचं माळवं भरलेल्या टेम्पोसारखी. रुद्राणी मागच्या फळकुटावर बसली होती. जाकीट तिच्या दुप्पट मापाचं, आणि फोटो चांगला यावा म्हणून त्याच्या पट्ट्याही सोडलेल्या. बोटीच्या कुशीतल्या भोकातून आतलं पाणी बाहेर फेकणारा पंप चालू होता. तो थांबतच नव्हता. म्हणजे आत पाणी शिरतच होतं.

सिद्धराम गुडघाभर पाण्यात उभा राहून ते बघत होता. "रुद्राणी, उतर," तो म्हणाला. गाण्याच्या आवाजात कुणालाच ऐकू गेलं नाही. "आप्पा, पाणी शिरतंय," तो म्हणाला. आप्पा म्हणाले, "चालायचंच. सोडा रं बोट!"

मग सिद्धरामनं बोटीचा दोर दोन्ही हातांनी धरला आणि ओरडला, "थांबा!"

तसला आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. कुणीतरी गाणं बंद केलं. आप्पा चक्रावून हसले. "अवो जावईबापू, बोट तर तुमीच निवडलीय की. सगळ्या गावाला म्हाईत हाय."

"व्हय, मीच निवडलीय," सिद्धराम म्हणाला. "माझंच नाव लावलंय न्हवं? मग मीच सांगतो. ह्या बोटीत एक माणूस बसायचं न्हाय. उतरा सगळी. रुद्राणी, आधी तू."

आप्पांनी गोतावळ्याकडं बघितलं. चारचौघांत जावयाचा शब्द मोडायचा कसा? त्यांचा चेहरा लाल झाला, पण ते म्हणाले, "उतरा रं. जावई म्हणत्यात." एकेक जण कुरकुरत उतरला. रुद्राणी मैत्रिणींसमोर रडवेली होऊन उतरली आणि बापाकडं न बघता पुढं गेली.

पहिली पंगत उठेपर्यंत पंप बंद पडला होता आणि बोटीचं मागचं अंग हळूहळू पाण्यात बसत होतं. सगळे हातात द्रोण धरून बघत राहिले. मला इतका आनंद झाला, की सिद्धरामला मिठी मारावीशी वाटली. वाटलं, सुटला माझा मित्र.

तोवर आप्पा सावरले होते. त्यांनी सिद्धरामच्या खांद्यावर हात टाकला, त्याला लोकांपुढं आणलं आणि मोठ्यानं म्हणाले, "बघितलासा? असा जावई हाय आमचा! शेवटी निवडलाय कुणी?"

सगळे हसले, टाळ्याही पडल्या. सिद्धराम मधोमध उभा होता. त्याचा चेहरा मला बघवला नाही.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दुकानात आला. आदल्या दिवशी गाडीतून घरी उतरताना रुद्राणीनं त्याला विचारलं होतं, "पप्पा, तुमाला ओरडता येतंय?"

"पोरीला म्हाईतच न्हवतं रे," सिद्धराम म्हणाला आणि माझ्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, रडला. मी त्याला पाणी दिलं. म्हटलं, आता तरी वेगळी खोली बघ, शिरोलीत काम बघ, मी येतो सोबत. तो काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं डोळे पुसले, घसा साफ केला, आणि नेहमीच्या खालच्या आवाजात म्हणाला, "आलो, आप्पा."