पुसून हात लावणारी पोरगी

इकडे सरक व भाची. छातीत गाठ लागते अन् तू लपवून राह्यली? शोभते का तुले?

माह्या तपासणीच्या वेळी मीही पळालेच पाहत होती. ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढाले एक शिकाऊ पोरगी होती. पुसल्याबिगर हात लावाचा नाई, हे तिच्या मॅडमनं शिकवलेलं. मशीनची थंडी पाटी तळहातानं गरम करे अन् पुसे, "आजी, पदर सरकवू? खांदा धरू? पाटीनं छाती दाबू?"

मी म्हटलं, "माय, लगनातही मले इतकं कोणी पुसलं नाई!"

"म्हणूनच तं पुसावं लागते, आजी. दुखलं का थांब म्हणा."

मी पारखाले उगाच "थांब" म्हटलं. तिनं लगेच मशीन ढिली केली.

मंग मीच म्हटलं, "दाब व माय, आता भरोसा बसला."

लवकर माह्या घरी ये, मुक्कामालेच ये. सकाळी दोघी त्याच दवाखान्यात जाऊ.