थांबाताई आणि आठ किटल्या

माझं काम लोकांचे फोन ऐकण्याचं. चोरून नाही, पगार घेऊन. आमची कंपनी दुकानदारांना बिलाची मशिनं विकते आणि मशीन अडलं की दुकानदार आमच्या मदत केंद्रावर फोन करतात. तिथं रांगेनं बसलेल्या बायका त्यांना उपाय सांगतात आणि कोपऱ्यातल्या टेबलावर कानाला हेडफोन लावून मी त्या बायकांना गुण देते. नम्रपणाचे इतके, नेमकेपणाचे इतके, वेळेचे इतके. दुसऱ्याचं ऐकून मत देण्याची सवय मला लहानपणापासूनच आहे, असं माझा दादा म्हणतो. दादाचं किल्ल्या बनवायचं दुकान आहे. त्याची बायको, म्हणजे माझी वहिनी, आमच्याच मदत केंद्रात खिडकीजवळच्या टेबलावर फोन घेते. नणंदेनं वहिनीला गुण द्यायचे आणि त्याचा पगार घ्यायचा, हा योग माझ्याच नशिबी आला. बाकीच्या घरांत ते काम फुकट चालतं.

दुकानदार वहिनीला थांबाताई म्हणतात. त्याचं कारण असं की मशीनमध्ये मधूनमधून नवा प्रोग्राम घालावा लागतो. तो चढत असताना पडदा काळा होतो आणि त्यावर एक पांढरं वर्तुळ फिरत बसतं. करायचं काहीच नसतं, नुसतं थांबायचं असतं, आणि नेमकं तेच माणसाला जमत नाही. समोर गिऱ्हाईक पिशवी घेऊन उभं असतं, दुकानदाराचा जीव वरखाली होतो आणि हात आपोआप प्लगकडे जातो. मध्येच प्लग काढला की मशीन असं झोपतं की उठवायला आमचा माणूस हत्यारं घेऊन जावा लागतो. अति घाई संकटात नेई, हे रस्त्याकडेला लिहून काय उपयोग, ते प्लगवर लिहायला हवं.

वहिनी पहिल्या दिवसापासून फोनवर ओरडायची, "थांबा! प्लग काढू नका!" पण थांबा म्हटल्यानं कुणी थांबत नाही, हे तिला लवकरच कळलं. हात रिकामे असले तर निदान कान गुंतवायला हवेत. म्हणून ती जगातल्या अजब वास्तूंच्या गोष्टी सांगायला लागली.

या वास्तू आल्या दादाच्या दुकानातून. कुलपांच्या एका कंपनीचं कॅलेंडर त्याच्याकडे यायचं, दर महिन्याला जगातली एक अजब इमारत. वर्ष संपलं तरी वहिनी पानं टाकायची नाही, स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या दारांना आतून चिकटवायची. अजूनही आमच्याकडे साखरेचा डबा काढायला गेलं की पोलंडमधलं उलटं घर दिसतं, छप्पर खाली आणि पाया आभाळाकडे. मग ती वाचनालयातून पुस्तकं आणू लागली. "दिसायला काय, काहीही छान दिसतं," ती म्हणायची. "उभं कसं राहिलंय ते कळलं पाहिजे." स्वतः मात्र कुठंही गेलेली नाही. तिला गाडी लागते. दुसऱ्या थांब्यापर्यंत चेहरा पांढराफटक, तिसऱ्याला पिशवी तोंडाशी. जग बघायचं तर साखरेच्या डब्यामागं, असं दादा तिला चिडवायचा.

आधी काम, मग गोष्ट, हा तिचा नियम. बिल कोरं निघतंय? "कागदाच्या गुंडाळीवर नखानं ओरखडा काढा. ज्या बाजूला काळी रेघ उठते, ती बाजू वर ठेवून घाला." बटणांवर चहा सांडला? "आधी वीज बंद, मग ते पालथं घाला आणि वाळू द्या. इस्त्री फिरवू नका, एकानं फिरवली होती." मशीन चालूच होत नाही? "वायर भिंतीत आहे का बघा. तिथं नाही हो, दुसरं टोक." काखेत कळसा नि गावाला वळसा घालणाऱ्या माणसाला ती कधी हसली नाही. ते काम मी करायचे, हेडफोनचा माइक बंद ठेवून.

एक हार्डवेअरवाले काका होते. प्लग काढण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. आमचा माणूस त्यांच्या दुकानात इतक्यांदा गेला होता की काकू त्याला आता नावानं हाक मारत. एकदा त्यांचा फोन वहिनीकडे आला.

"ताई, पडदा काळा झालाय. काढू का?"

"थांबा! काढू नका. काका, स्कॉटलंडमध्ये एक चाक आहे."

"कसलं चाक?"

"बोटी उचलायचं. एक कालवा वर, एक खाली, मध्ये आठ मजल्यांची उंची. चाकाला दोन मोठ्या टाक्या, दोन्ही पाण्यानं भरलेल्या. खालच्या टाकीत बोट शिरते, चाक अर्धं फिरतं, बोट वर."

"मग बोटीकडची बाजू जड नाही होणार?" काकांच्या आवाजात आता दुकानदार जागा झाला होता.

"नाही ना! बोट आत शिरताना आपल्या वजनाइतकं पाणी बाहेर ढकलते. दोन्ही पारडी सारखीच. म्हणून ते चाक फिरवायला वीज किती लागते माहितेय? आठ किटल्या पाणी उकळायला लागेल तेवढी."

"आठ? काहीतरीच काय!"

"आठच. आता पडदा बघा."

"अरेच्चा! चालू झालं की."

त्या फोनला मी नेमकेपणाचे पूर्ण गुण दिले. त्याआधी घरी जाऊन पुस्तकात बघितलं होतं. आठच होत्या.

मग वहिनीचा आवाज बसला. आधी सर्दी समजून गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या, मग औषधं, मग डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून बघितलं. स्वरतंतूवर गाठ होती. गाठ साधी निघाली तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. पण ती काढल्यावर डॉक्टर म्हणाले, आवाज पूर्वीसारखा येईलच असं नाही, आणि काही आठवडे एक शब्दही बोलायचा नाही.

हाताची घडी, तोंडावर बोट. वहिनी घरात पाटीवर लिहायला लागली. दादा पहिल्या दिवशी म्हणाला, "चला, आता भांडणातलं शेवटचं वाक्य माझं." आठवडा सरेपर्यंत तोच तिच्या मागंमागं फिरायला लागला, "अगं, लिही की काहीतरी." मला मेलीला घरात बसवेना. कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या ऐकू यायच्या. वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं, आणि ते बोलून दाखवायची आमच्यात पद्धत नाही म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन कपाटांची दारं पुसून आले.

बोलायची परवानगी मिळाली तेव्हा जो आवाज आला तो तिचा नव्हता. कोरड्या लाकडावर कानस घासावी तसा, आणि तोही चार वाक्यांनंतर दमणारा. आमचे साहेब माणूस वाईट नाहीत. ते मला म्हणाले, "आठवडाभर फोनवर बसू दे त्यांना. तुम्ही ऐका आणि शुक्रवारी मला सांगा. नाही जमलं तर गोदामात खोक्यांवर लेबलं चिकटवायचं काम आहे. पगार तोच राहील."

पगाराचा प्रश्नच नव्हता. गोदामात दिवसभर कुणी कुणाशी बोलत नाही. त्या संध्याकाळी वहिनीनं पाटी माझ्यापुढं सरकवली. "गोदाम नको," असं लिहिलं होतं. मी काही म्हणायच्या आत तिनं खाली आणखी एक ओळ लिहिली, "पण खोटे गुणही नकोत." मी पाटी पुसून टाकली आणि "बघू" म्हटलं. घरातल्या माणसाला "बघू"चा अर्थ बरोबर कळतो.

तो आठवडा मी ऐकला. तिनं "हॅलो" म्हटलं की लोक म्हणत, "आवाज नीट येत नाही, दुसऱ्या कुणाला तरी द्या." एकानं तिला "भाऊ" म्हटलं. तिचे उपाय अचूक होते, पण ती शब्द जपून वापरायला लागली होती आणि सगळ्यात आधी गोष्टी गेल्या. काळ्या पडद्याच्या वेळात फोनवर नुसता श्वास ऐकू यायचा. बुधवारी एका दुकानदारानं त्या शांततेत प्लग काढला. वहिनीनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मी खरे गुण दिले. कमी दिले.

शुक्रवारी दुपारी हार्डवेअरवाले काका आले तिच्या वाट्याला. तिनं आवाजावरून ओळखलं, त्यांनी ओळखलं नाही. तिनं सांगितल्याप्रमाणे त्यांनी बटणं दाबली, पडदा काळा झाला आणि ती गप्प राहिली. आता हा माणूस प्लग उपटणार.

"नवीन दिसता," काका म्हणाले. "आवाजावरनं दमल्यासारखे वाटता. काही घाबरू नका, मी प्लग काढत नाही. पूर्वी काढायचो. मग तुमच्याकडे एक ताई होत्या, त्यांनी माझी खोड मोडली. कुठं गेल्या कोण जाणे. तुम्हाला वेळ आहे ना? वर्तुळ फिरतंय अजून. स्कॉटलंडमध्ये एक चाक आहे बघा."

वहिनीचा हात घशाशी गेला.

काकांनी सगळं सांगितलं. वरचा कालवा, खालचा कालवा, टाक्या, बोट आपल्या वजनाचं पाणी कशी बाहेर ढकलते ते. मधूनच दुकानातल्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "तुम्हीही ऐका, तेवढाच वेळ जाईल." त्यांनी ही गोष्ट बऱ्याच जणांना सांगितली असणार, कारण ती कुठंही अडखळत नव्हती. "आणि एवढं अवाढव्य चाक फिरवायला वीज किती? ऐंशी किटल्या पाणी उकळेल, बस, तेवढीच!"

"आठ," वहिनी म्हणाली.

"काय म्हणालात?"

"आठ किटल्या. ऐंशी नाही." ती खाकरली. "आठच."

मग काका हळूच म्हणाले, "थांबाताई?" आणि लगेच रिसीव्हर बाजूला न करताच इतक्या मोठ्यानं ओरडले की मला हेडफोन कानापासून लांब धरावा लागला. "अगं ए, इकडे ये! त्या आहेत! आवाज गेलाय बिचाऱ्यांचा, पण त्याच आहेत!"

मग काकू आल्या, तब्येतीची चौकशी झाली, हळद, मध, वाफ, सगळे उपाय वहिनीला ऐकवून झाले. ती हसत होती. तिचं हसणंसुद्धा आता खरखरीत होतं. शेवटी तिनं विचारलं, "काका, मशीन चालू झालं का?"

"ते कधीच झालं हो. तुम्ही बोला."

माझ्या टेबलाशी साहेब येऊन उभे होते. "बराच वेळ चाललाय हा फोन," ते म्हणाले. "मशीन चालू होत नाहीये का?"

"मघाशीच झालं," मी म्हटलं.

"मग?"

मी हेडफोन काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला, थोडा वेळ उभ्यानंच ऐकलं, आणि गोदामासाठी माणूस पाहिजे अशी पाटी दाराला लावायला सांगून निघून गेले.